ज्यू गूढवादातील ध्यानपरंपरा

ज्यू गूढवादातील ध्यानपरंपरा : ज्यू धर्मातील गूढवादी संप्रदायांनी ईश्वरसान्निध्याच्या प्राप्तीसाठी विकसित केलेल्या मनोनिग्रहाच्या, चिंतनाच्या व नामजपाच्या पद्धती. ज्यू धर्म हा प्राधान्याने आज्ञापालनाचा व ग्रंथाध्ययनाचा धर्म मानला जातो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु धर्माज्ञांच्या ह्या चौकटीतच सुमारे दोन हजार वर्षे एक अंतर्मुख साधनाप्रवाह अव्याहत वाहत आला आहे. मध्ययुगापासून ह्या प्रवाहाला ‘कबाला’ ही संज्ञा रूढ झाली. ह्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वीकारलेले’, म्हणजेच गुरूकडून शिष्याने घेतलेले ज्ञान, असा आहे. ही विद्या कोणाला द्यावी, कोणत्या भाषेत द्यावी आणि ती ग्रंथातून उघड करावी की नाही, हे प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उद्‌भवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यातही उपस्थित झाले.

ध्यानवाचक एकच एक हिब्रू संज्ञा नाही. बायबलच्या जुन्या करारात धर्मशास्त्राच्या चिंतनासाठी ‘हागा’ हे क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे असा असल्याने मंद स्वरातील आवर्तन आणि चिंतन ह्या दोन्ही क्रिया त्यात एकवटल्या आहेत. पुढील वाङ्‌मयात ‘कव्वाना’ (चित्ताचा रोख किंवा अनुसंधान), ‘हिथबोददूत’ (एकांत व एकाग्रता), ‘हिथबोननूत’ (एखाद्या तत्त्वाचे सखोल चिंतन) आणि ‘देवेकूथ’ (ईश्वराला चिकटून राहणे) ह्या संज्ञा प्रचारात आल्या. त्यांपैकी देवेकूथ हे साध्य व इतर साधने, असे स्थूलमानाने म्हणता येईल. बहुतेक ज्यू गूढवाद्यांनी ईश्वर व जीव यांचे संपूर्ण अद्वैत सांगण्याचे टाळले आहे. सान्निध्य कितीही निकटचे असले, तरी उपास्य व उपासक यांतील भेद राखण्याकडे त्यांचा कल आहे. ह्याला काही अपवाद आहेत आणि त्यांवरून वादही झाले आहेत.

प्राचीन काळ : मिश्ना ह्या सु. २०० मध्ये संकलित झालेल्या धर्मसंहितेत पूर्वीचे भाविक प्रार्थनेपूर्वी एक तासभर चित्त ईश्वराकडे लावून थांबत, असा उल्लेख आहे. ज्यू ध्यानसाधनेचा हा एक अत्यंत जुना व निःसंदिग्ध पुरावा होय. त्याच संहितेत विश्वोत्पत्तीचे रहस्य एकाहून अधिक श्रोत्यांना एकाच वेळी सांगू नये आणि दिव्य रथाचे (मेर्कावा) रहस्य तर एकालाही सांगू नये, तो स्वतः ज्ञानी व स्वयंप्रज्ञ असल्यासच सांगावे, असा निर्बंध घातलेला आहे. इ. स. पू. सहाव्या शतकात बॅबिलोनियातील बंदिवासात केबार नदीच्या काठी प्रेषित एझिकेल याला झालेले रथारूढ ईश्वरी तेजाचे दर्शन, हा ह्या रहस्याचा आधार होता. तलमूदमध्ये चार विद्वानांनी ‘पर्देस’मध्ये, म्हणजे दिव्य उपवनात, प्रवेश केल्याची कथा आहे. त्यांपैकी एक मरण पावला, एकाला वेड लागले, एक धर्मभ्रष्ट झाला आणि एकटा रब्बी अकीवा सुखरूप परतला. साधनेतील धोक्याचे हे रूपक पुढील सर्व कबालावाद्यांनी प्रमाण मानले.

रथदर्शनाच्या ह्या परंपरेतून ‘हेखालोत’ (प्रासाद) वाङ्‌मय निर्माण झाले. साधक सात दिव्य प्रासादांतून क्रमाने प्रवास करतो, प्रत्येक द्वारावरील रक्षक देवदूताला ईश्वरी नामाची मुद्रा दाखवतो व अखेरीस सिंहासनासमोर उभा राहतो, असे त्यात वर्णिले आहे. बॅबिलोनियातील धर्माचार्य हाय गाओन (९३९–१०३८) याने ह्या साधकांची रीत नोंदवून ठेवली आहे : ठरावीक दिवस उपवास करणे, मस्तक दोन्ही गुडघ्यांत ठेवून बसणे आणि जमिनीकडे तोंड करून मंद स्वरात स्तोत्रे म्हणत राहणे. ह्याच प्राचीन वाङ्‌मयात मोडणारा सेफेर येत्सिरा (सृष्टिग्रंथ) हा आकाराने अगदी लहान ग्रंथ आहे. ईश्वराने दहा ‘सेफिरोत’ आणि हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरे अशा एकूण बत्तीस मार्गांनी विश्व निर्मिले, असे तो सांगतो. अक्षर हे केवळ लेखनाचे चिन्ह नसून निर्मितीचे उपादान आहे, ही त्यातील कल्पना पुढील अक्षरध्यानाचा पाया ठरली. भारतीय वाचकाला येथे मातृका व बीजमंत्र यांची आठवण होणे साहजिक आहे. मात्र हे साम्य परस्परसंपर्कातून आले असे मानण्यास पुरेसा आधार नाही.

सूफी प्रभाव : इस्लामी राजवटीतील ज्यूंवर सूफी साधनेची छाप पडली. अकराव्या शतकात स्पेनमधील बाह्या इब्न पाकुदा याने अरबी भाषेत लिहिलेल्या हृदयाची कर्तव्ये ह्या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात बाह्य आचाराइतकेच आंतरिक शुद्धीचे महत्त्व प्रतिपादिले आहे. तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याचा पुत्र अब्राहम (११८६–१२३७) हा ईजिप्तमधील ज्यू समाजाचा प्रमुख होता. त्याने प्रार्थनेतील साष्टांग प्रणिपात, मौन, एकांत व गुरु-शिष्यपरंपरा यांचा पुरस्कार केला. सूफींनी ह्या गोष्टी इझ्राएलच्या प्राचीन प्रेषितांकडूनच घेतल्या असून आपण त्या परत घेत आहोत, असे त्याचे म्हणणे होते.

कबालाचा उदय : बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हांस व उत्तर स्पेनमधील गेरोना येथे कबालाला सुसंघटित रूप आले. अंध आयझाक (सु. ११६०–१२३५) हा ह्या संप्रदायाचा आद्य आचार्य. परमेश्वर मूलतः ‘एन सोफ’ (अनंत) व अचिंत्य आहे. तो दहा सेफिरोतांच्या द्वारे प्रकट होतो, असे ह्या संप्रदायाचे मत. केथेर (मुकुट), होख्मा (प्रज्ञा), बीना (बोध), हेसेद (दया), गेवूरा (सामर्थ्य), तिफेरेत (सौंदर्य), नेत्सा (चिरंतन जय), होद (वैभव), येसोद (अधिष्ठान) व मालखूत (राज्य) ही त्यांची नावे. नित्य प्रार्थनेतील प्रत्येक शब्द ह्यांपैकी एकेका शक्तीशी जोडलेला असून शब्द उच्चारताना मनाने त्या शक्तीचे अनुसंधान राखणे, हीच कव्वाना होय. प्रार्थनेचे शब्द तेच राहिले. त्यांच्या आत मात्र एक दुसरा मार्ग खुला झाला. कर्मठ आचाराला बाध न आणता साधना चालू राहिली, ती ह्यामुळेच.

अबुलाफिया व अक्षरसाधना : ध्यानाच्या तंत्राचे सर्वांत तपशीलवार विवेचन अब्राहम अबुलाफिया (१२४०–सु. १२९१) याने केले. त्याचा जन्म स्पेनमधील सारागोसा येथे झाला. साधकाने रात्री शुद्ध होऊन शुभ्र वस्त्रे परिधान करावीत, एकांतातील खोलीत पुष्कळ दिवे लावावेत व लेखनसाहित्य हाती घ्यावे. प्रथम ईश्वरनामातील अक्षरांचे विविध संयोग लिहावेत, मग ते उच्चारावेत आणि शेवटी केवळ मनात आणावेत, अशी लेखन, उच्चार व मनन ह्या तीन पायऱ्यांची त्याची पद्धती आहे. प्रत्येक अक्षराचा उच्चार एका ठरावीक श्वासात करावयाचा असून स्वरचिन्हाच्या आकृतीनुसार मस्तक वर, खाली किंवा बाजूला हलवावयाचे असते. अक्षरे अर्थहीन होत गेली, की मनाला बांधणाऱ्या ‘गाठी’ सुटतात व प्रेषितांना लाभलेल्या अवस्थेचा अनुभव येतो, असे तो म्हणतो. श्वासाचे नियमन, आसन व मंत्रोच्चार ह्या अंगांमुळे आधुनिक अभ्यासकांनी ह्या पद्धतीची योगाशी तुलना केली आहे. तथापि योगात चित्त एका आलंबनावर स्थिर करण्यावर भर असतो, तर अबुलाफियाच्या पद्धतीत अक्षरांची सतत व वेगाने बदलणारी रचना चित्ताला गुंतवून ठेवते, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

ही विद्या त्याने ग्रंथांतून व प्रवासातून मुक्तपणे शिकविली. १२८० मध्ये तो पोप तिसरा निकोलस याच्या भेटीसाठी रोमजवळील सोरियानो येथे गेला. त्याला जाळण्याची आज्ञा झाली होती. परंतु तो पोहोचण्याच्या सुमारासच पोपचा मृत्यू झाला व अठ्ठावीस दिवसांच्या कैदेनंतर त्याची सुटका झाली. त्याच्या प्रेषितत्वाच्या दाव्यामुळे बार्सेलोनाचा धर्मशास्त्री सॉलोमन इब्न अद्रेत याने त्याला कडाडून विरोध केला आणि त्याला माल्टाजवळील कोमिनो ह्या लहानशा बेटाचा आश्रय घ्यावा लागला. त्याचे बहुतेक ग्रंथ पुढे अनेक शतके हस्तलिखितांतच राहिले.

झोहार : ह्याच काळात, १२८० च्या सुमारास व त्यानंतर, कास्तीलमध्ये झोहार (तेज) हा कबालाचा प्रमुख ग्रंथ प्रसृत झाला. परंपरेने त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी सिमोन बार योहाय याच्याकडे दिले जाते, आधुनिक संशोधनानुसार तो मुख्यतः मोझेस द लेओन (सु. १२४०–१३०५) व त्याच्या वर्तुळातील विद्वानांनी रचला. त्याची भाषा तत्कालीन बोलभाषा नसून प्राचीन अरेमाइकच्या धर्तीवर मुद्दाम घडविलेली आहे. ह्याच सुमारास, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सिद्ध केली. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे ब्रह्मगिरीच्या परिसरात गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना लाभलेली व त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आलेली नाथपंथीय योगविद्या त्यांनी मराठी ओवीतून सर्वांसाठी खुली केली. दोन्ही ग्रंथांत धर्मग्रंथावरील भाष्याच्या निमित्ताने योगानुभव सांगितलेला आहे. परंतु एकाने लोकभाषेचा आश्रय केला, तर दुसऱ्याने दुर्बोध भाषेचे कवच धारण केले. ह्या फरकाचे परिणाम दोन्ही परंपरांच्या पुढील इतिहासात दिसून येतात.

साफेद व लूरिया : १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. निर्वासितांपैकी अनेक विद्वान सोळाव्या शतकात गॅलिलीतील साफेद ह्या डोंगराळ नगरात एकत्र आले. मोझेस कोर्दोव्हेरो (१५२२–७०) याने पूर्वीच्या मतांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. आयझाक लूरिया (१५३४–७२) याने अनंताचा संकोच (त्सिमत्सूम), प्रकाशपात्रांचा भंग आणि त्यांची पुनर्घटना (तिक्कून) ही विश्वकथा सांगून विखुरलेले दिव्य कण एकत्र आणण्याचे कार्य माणसावर सोपविले. घरादाराला मुकलेल्या समाजाला ह्या कथेत आपल्याच विस्थापनाचा अर्थ गवसला. ईश्वरी नामांची अक्षरे मनश्चक्षूंसमोर परस्परांत गुंफण्याची ‘यिहूद’ (ऐक्य) ही साधना लूरियाने शिष्यांना प्रत्येकाच्या अधिकारानुसार दिली. ती अनेकदा संतांच्या समाधींवर पडून केली जाई. त्याचा शिष्य हाईम व्हितल (१५४२–१६२०) याने पवित्रतेची द्वारे ह्या अर्थाच्या ग्रंथात साधनामार्ग सांगितला. पण ध्यानाची प्रत्यक्ष तंत्रे देणारा त्याचा चौथा भाग मुद्रकांनी जाणीवपूर्वक वगळला व तो दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

साफेदच्या साधकांचा ठसा सामान्य उपासनेवरही उमटला. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे वधूप्रमाणे स्वागत करणारे सॉलोमन अल्काबेझ याचे ‘लेखा दोदी’ हे गीत जगभरच्या सिनॅगॉगांत गायिले जाते. वल्हांडण व पेंटेकॉस्ट ह्या सणांमधील एकोणपन्नास दिवसांच्या ‘ओमेर’ गणनेतही प्रत्येक दिवस सात सेफिरोतांच्या एकेका जोडीला अर्पण करण्याची रीत रूढ झाली.

निर्बंध व हसिदी पंथ : लूरियाच्या मतांच्या आधारे साबाताय झेवी (१६२६–७६) याने स्वतःला मसीहा म्हणून घोषित केले आणि १६६६ मध्ये तुर्की सुलतानापुढे इस्लामचा स्वीकार केला. ह्या आघाताने सर्व ज्यू जग हादरले आणि कबालाविषयी साशंकता बळावली. १७५६ मध्ये ब्रोडी येथील धर्मसभेने तीस वर्षे वयापूर्वी झोहार व चाळीस वर्षांपूर्वी लूरियाची शिकवण वाचण्यास बंदी केली. जेरूसलेममध्ये मात्र १७३७ मध्ये स्थापन झालेल्या बेथ एल ह्या पाठशाळेत येमेनमधून आलेला शालोम शाराबी (१७२०–७७) याच्या नेतृत्वाखाली मोजक्या साधकांचे प्रार्थनाध्यान चालू राहिले. शब्दांमधील दीर्घ मौन हे तेथील प्रार्थनेचे वैशिष्ट्य होते.

पूर्व यूरोपात इझ्राएल बाल शेम तोव्ह (सु. १७००–६०) याच्यापासून सुरू झालेल्या हसिदी पंथाने देवेकूथ हा विद्वानांचाच नव्हे, तर सामान्यांचाही आदर्श ठरविला. खाणेपिणे, व्यापार व गप्पागोष्टी करतानाही मन ईश्वराशी जोडता येते, असे त्याने शिकविले. लिआदीचा श्नेऊर झाल्मान (१७४५–१८१२) याने तान्या (१७९६) ह्या ग्रंथात बौद्धिक चिंतनातून भावना जागविण्याचा मार्ग सांगितला. ब्राट्स्लाव्हचा नाखमान (१७७२–१८१०) याने तर भक्ताने दररोज काही काळ, शक्यतो रात्री निर्जन शेतात जाऊन, आपल्या मातृभाषेत ईश्वराशी मन मोकळे करावे, असा उपदेश केला. पवित्र हिब्रूऐवजी यिद्दिश ह्या घरगुती बोलीला साधनेत मिळालेले हे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकात पिआसेच्नोचा काल्मान शापिरा (१८८९–१९४३) याने विचारप्रवाहाचे साक्षीभावाने निरीक्षण करून मन शांत करण्याची पद्धत शिष्यांना शिकविली. वॉर्सातील ज्यू कोंडवाड्यात असतानाही त्याचे प्रवचन-लेखन चालू होते. त्याने पुरून ठेवलेली हस्तलिखिते युद्धानंतर सापडली. तो स्वतः १९४३ मध्ये नाझींकडून मारला गेला. पूर्व यूरोपातील ज्यू समाजाच्या ह्या संहारात अनेक गुरुपरंपरा समूळ नष्ट झाल्या.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रातील ज्यूंमध्ये कोकणातील मराठी भाषिक बेने इझ्राएल व एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यास आलेले बगदादी, असे दोन प्रमुख समाज होते. बेने इझ्राएलांची कबालाशी फारशी ओळख नव्हती. अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे ते सांगतात. ग्रंथ गमावलेल्या ह्या समाजाने शब्बाथ, सुंता, आहारनियम आणि ‘शेमा’ हे एकेश्वरनिष्ठेचे वचन एवढे जतन केले. जन्म, विवाह व मृत्यू अशा सर्व प्रसंगी शेमाचा उच्चार होई, म्हणजे नामस्मरणाचे कार्य ह्या एका वचनाने केले. कबालामध्ये प्रेषित एलियाचे दर्शन ही साधकाची उच्च अवस्था मानली आहे. लूरियालाही एलियाकडूनच ज्ञान मिळाले, अशी श्रद्धा आहे. कोकणात हाच ‘एलियाहू हन्नाबी’ नवसाला पावणारा घरचा रक्षणकर्ता झाला. अलिबागजवळील खंडाळे येथे त्याच्या रथाच्या खुणा दाखविल्या जातात आणि पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ त्याच्या नावे केला जातो. गूढवाद्याच्या एकांतातील आणि कोकणी गृहिणीच्या ताटापुढील प्रेषित एकच आहे. १८८० च्या सुमारास ह्या समाजाने जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तने सुरू केली, तर जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. सेफार्दी धर्तीच्या ह्या प्रार्थनांबरोबर साफेदच्या साधकांची गीतेही मराठी घरांत पोहोचली.

बगदादी समाजाची स्थिती वेगळी होती. बगदादचे रब्बी योसेफ हाईम (१८३५–१९०९) हे स्वतः कबालाचे जाणकार होते आणि झोहारचे पठण, अर्थ कळला नाही तरी, तेथे पुण्यप्रद मानले जाई. डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्या दातृत्वातून पुण्यात उभ्या राहिलेल्या व लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओहेल डेव्हिड सिनॅगॉगभोवती हा समाज स्थिरावला. त्यातील अब्राहम डेव्हिड एझिकेल हे थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य होते. न्यूयॉर्क येथे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे केंद्र १८७९ पासून काही वर्षे मुंबईत होते आणि सर्व धर्मांतील गुप्तविद्येचे मूळ एकच आहे, असे ती मानीत असे. एझिकेल यांनी १८८७ मध्ये पुण्यात इद्रा झुता हा झोहारमधील भाग ज्यूंच्या बोलीतील अरबी भाषांतरासह छापला व पुढील वर्षी कबालाचा परिचय करून देणारी इंग्रजी पुस्तिका काढली. इद्रा झुता मध्ये मृत्यूच्या दिवशी सिमोन बार योहाय निवडक शिष्यांना अंतिम रहस्ये सांगतो. ईश्वरी तत्त्वाचे वर्णन त्यात मुख, केस, दाढी अशा शारीरिक प्रतीकांनी केलेले असल्याने तो भाग विशेष नाजूक समजला जातो. समाजातील धर्मनिष्ठांनी ह्या भाषांतराला विरोध केला. अनधिकारी वाचक प्रतीकाला वस्तू समजेल, ही मिश्नाच्या काळापासूनची भीती त्यामागे होती. ती निराधार नव्हती; साबाताय झेवीचे उदाहरण समोर होते. दुसऱ्या बाजूने, जी विद्या कोणालाच समजत नाही तिचे पठणही कालांतराने थांबते, हाही धोका खराच होता. ज्ञान जपावे की वाटावे, हा वाद तेथे मिटला नाही. १९४८ नंतर दोन्ही समाजांतील बहुसंख्य लोक इझ्राएल, इंग्लंड इ. देशांत गेले आणि वादाला वारसच उरले नाहीत.

आधुनिक काळ : गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) याने १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्यू गूढवादाच्या इतिहासामुळे हा विषय विद्यापीठीय अध्ययनात प्रतिष्ठा पावला. मोशे इडेल याने अबुलाफियाच्या हस्तलिखितांचा कसून अभ्यास करून साधनेच्या प्रत्यक्ष अंगावर भर दिला. अमेरिकेतील रब्बी आर्यह कॅप्लान (१९३४–८३) याने १९७८ पासून लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांनी ध्यानाची जुनी तंत्रे सामान्य ज्यू वाचकांसमोर आणली. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील व पुढे इझ्राएलमधील अनेक ज्यू तरुण ध्यान शिकण्यासाठी भारतात आले. त्यांपैकी काहींनी, योग किंवा विपश्यना अनुभवल्यानंतर, स्वतःच्या परंपरेतील ध्यानाचा शोध सुरू केला. १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे चालणारे विपश्यना केंद्र अशा साधकांना परिचित आहे. मूळ आचारधर्मापासून तोडलेले तंत्र ही कबाला नव्हे, असा आक्षेप पारंपरिक विद्वान घेतात. शब्बाथ, प्रार्थना व धर्माज्ञा यांच्या आधाराविना अक्षरध्यान केवळ मानसिक व्यायाम ठरतो, असे त्यांचे म्हणणे आहे. रब्बी अकीवा सुखरूप परतला, कारण तो पर्देसमध्ये जाण्यापूर्वी धर्मशास्त्रात स्थिर होता, असा त्या प्राचीन कथेचा अर्थ ते लावतात. ग्रंथ आज सर्वांना उपलब्ध आहेत; ‘स्वीकारलेले’ हा कबाला शब्दाचा मूळ अर्थ सार्थ करणारे गुरु-शिष्यनाते मात्र छापील पृष्ठांतून मिळत नाही, ही ह्या परंपरेपुढील आजची खरी अडचण आहे.